रेंटलमधून निघालेली गाडी घ्यावी का? कसं ठरवायचं

जुनी गाडी शोधायला लागलं की कधी ना कधी ती समोर येतेच. दोन-तीन वर्षांची, चकचकीत, त्याच मॉडेलच्या बाकी गाड्यांपेक्षा स्वस्त. फोटो बघून आपण जवळजवळ ठरवून टाकतो. मग तळाशी एक ओळ दिसते: गाडी आधी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे होती. तेवढ्यात घरातलं कोणीतरी मागून डोकावतं आणि म्हणतं, "छे, शंभर जणांनी हाणलेली असणार. नको रे बाबा."

या बोलण्यात तथ्य आहे. भाड्याची गाडी कोणी स्वतःच्या गाडीसारखी चालवत नाही. खड्डा दिसला तरी जाऊ देतात. पण "शंभर जणांनी हाणलेली" हा अर्धाच हिशोब झाला. मी स्वतः अशा तीन गाड्या बघितल्या, दोन सोडल्या, तिसरी घेतली. पहिल्या दोन का सोडल्या आणि तिसरी का घेतली, हे नीट सांगता आलं तर हा लेख लिहिण्याचं काम झालं.

पहिला प्रश्न: ही गाडी विकायला का निघाली?

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक मुद्दा मांडला, ज्यासाठी पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मुद्दा साधा आहे. गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे चांगली गाडी असलेला माणूस पडत्या भावात ती विकत नाही, आणि बाजारात खोट असलेल्या गाड्यांचंच प्रमाण वाढत जातं. घरगुती मालक दोन वर्षांतच गाडी काढतोय म्हटल्यावर आपल्या मनात शंकेची पाल चुकचुकते ती याचमुळे.

रेंटल कंपनीच्या बाबतीत ही पाल बरीचशी गप्प बसते. कंपनी गाडी काढते ती बहुतेक वेळा गाडीची मुदत संपली म्हणून. ठरावीक महिने झाले किंवा ठरावीक किलोमीटर झाले की चांगली-वाईट न बघता अख्खा लॉट बाहेर निघतो. जुन्या बाजारात हा गुण दुर्मीळ आहे आणि रेंटलच्या गाडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच आहे. खोट असेल तर ती वापरातून आलेली असते, आणि वापराच्या खुणा शोधता येतात. लेखाचा पुढचा बराचसा भाग त्या खुणांबद्दलच आहे.

थोडं आत जाऊ, कारण इथे एक बारकावा कामाचा आहे. मोठ्या रेंटल कंपन्यांकडे दोन तऱ्हेच्या गाड्या असतात. एका तऱ्हेत गाडी बनवणारी कंपनी आधीच लिहून देते की अमुक महिन्यांनी, अमुक किलोमीटरच्या आत, अमुक अवस्थेत गाडी परत दिली तर आम्ही ठरलेल्या भावाने ती घेऊ. दुसऱ्या तऱ्हेत असा करार नसतो आणि विकताना काय भाव येईल त्याची जोखीम रेंटल कंपनीची. पहिल्या तऱ्हेची गाडी लवकर निघते, आणि अवस्थेची अट असल्यामुळे तिची निगाही बऱ्यापैकी राहते. दुसऱ्या तऱ्हेची गाडी बाजार बघून काढतात. बाजारात नव्या गाड्यांचा तुटवडा असेल तर ती जास्त दिवस फिरवली जाते. २०२१ च्या सुमारास चिपच्या टंचाईने हेच झालं. नवीन गाड्या मिळेनात म्हणून कंपन्यांनी असलेल्याच गाड्या लांबवल्या. तेव्हा वर्ष बघून "नवीच आहे" असं समजू नका, ताफ्यात किती महिने होती ते विचारा.

कधीकधी तर कारण गाडीचं नसून हिशोबाचं असतं. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झ या अमेरिकी रेंटल कंपनीने आपल्या ताफ्यातल्या सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. अपघातानंतरच्या दुरुस्तीचा खर्च आणि कमी मागणी, अशी कारणं दिली गेली. अशा घाऊक विक्रीत घेणाऱ्याला भाव करायला चांगली जागा मिळते.

"रेंटल" म्हणजे नेमकी कुठली?

सगळ्या भाड्याच्या गाड्या एका माळेचे मणी नाहीत. विकणाऱ्याला थेट विचारा आणि कागदांवर ताडून बघा.

एका टोकाला दीर्घ मुदतीच्या लीजची गाडी: एखाद्या ऑफिसने दोन-तीन वर्षांसाठी घेतलेली, चालवणारा एकच. कागदावर ती "भाड्याची" दिसते, पण ती जवळजवळ एकहाती गाडीच. ही मिळाली तर घ्यायला मी कचरणार नाही.

मधे नेहमीची दिवसावर देणारी सेल्फ-ड्राइव्ह गाडी. माणसं अनेक, पण त्यातले बहुतेक लांबच्या प्रवासाला नेतात. हायवेवर एका वेगाने चाललेले किलोमीटर शहरातल्या धक्काबुक्कीच्या किलोमीटरपेक्षा इंजिनला सोपे जातात. म्हणून ५०,००० किलोमीटर झालेली रेंटल गाडी बघून लगेच दचकू नये.

तासावर देणाऱ्या शेअरिंगच्या गाडीपासून मात्र मी लांब राहतो. थंड इंजिन सुरू करायचं, पाच-सात किलोमीटर पळायचं, बंद करायचं. दिवसातून कित्येक वेळा. ऑइल पुरतं गरम होण्याआधीच इंजिन बंद होतं. पार्किंगचे ठोसेही हिच्या नशिबी जास्त. आणि ड्रायव्हरसकट दिलेली टॅक्सी हा वेगळाच प्राणी. तिचे किलोमीटर प्रचंड असतात, इंजिन तासन्‌तास उभ्याने चालू असतं. तिला रेंटल समजून भाव देऊ नका.

एक नवा प्रकारही आला आहे: घरगुती मालक ॲपवरून स्वतःची गाडी भाड्याने देतो. इथे वापर रेंटलचा, पण निगा मालकाच्या मर्जीवर. कंपनीचं वेळापत्रक नाही, कागद अपुरे. मी सोडलेली पहिली गाडी यातलीच होती. सर्व्हिसची बिलं मागितली तर मालक म्हणाला, "सगळं वेळेवर केलंय, माझ्यावर विश्वास ठेवा." मी विश्वास ठेवला आणि निघून आलो.

गाडी बघायला जाण्याआधी घरी बसून हिशोब

नवशिके इथे हमखास चुकतात. रेंटलच्या गाडीची तुलना त्याच वर्षाच्या घरगुती गाडीशी करतात आणि "केवढी स्वस्त!" म्हणतात. पण रेंटल गाडी वर्षाच्या मानाने खूप जास्त चाललेली असते. तिची तुलना तेवढ्याच किलोमीटरच्या गाडीशी करा, मग ती एखाद-दोन वर्षांनी जुनी का असेना. बऱ्याच वेळा अर्धी स्वस्ताई तिथेच विरघळते.

उरलेल्या अर्ध्यासाठी असं बघा. समजा तेवढ्याच किलोमीटरची एकहाती गाडी १०० ला मिळते आणि रेंटलची ९२ ला. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. चारही टायर बदलायचे असतील तर ३ गेले. ब्रेक पॅड आणि डिस्क, १. दुसरी चावी मिळणार नसेल आणि नवी प्रोग्रॅम करून घ्यायची असेल तर आणखी अर्धा-पाऊण. सगळी तेलं-पाणी, अर्धा. आणि एक खर्च सगळे विसरतात: उद्या तुम्ही ही गाडी विकाल तेव्हा पुढचा गिऱ्हाईकही "रेंटलची होती ना?" असंच म्हणणार. त्याचे २-३ धरा. ८ ची स्वस्ताई होती, ती एवढ्यातच संपली.

म्हणजे फरक १२-१५ चा असेल तर बघायला जाण्यात अर्थ आहे. त्याहून कमी असेल तर गाडी अगदी निर्मळ असली पाहिजे.

वॉरंटीबद्दल एक सावधगिरी. वॉरंटी तुम्ही घेतल्या दिवसापासून मोजत नाहीत. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या दिवसापासून मोजतात, आणि बहुतेक वेळा किलोमीटरची मर्यादाही असते. तीन वर्षांची वॉरंटी कागदावर दीड वर्ष शिल्लक दिसते, पण किलोमीटरची मर्यादा रेंटलने आधीच खाऊन टाकलेली असू शकते. शिवाय व्यावसायिक वापरातल्या गाडीसाठी वॉरंटीच्या अटी काही वेळा वेगळ्या असतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन विचारा. ते दोन मिनिटांत सांगतात.

कागद

कागद बघणं कंटाळवाणं असतं, म्हणून लोक ते शेवटी बघतात. आधी बघा. कागदांत घोळ असेल तर पुढचं काही बघायचीच गरज नाही.

सर्व्हिसची पूर्ण नोंद मागा. मोठी रेंटल कंपनी सर्व्हिस सहसा वेळेवर करते, कारण बंद पडलेली गाडी म्हणजे बुडालेलं भाडं. पण ती बहुतेक वेळा कंपनीने सांगितलेल्या कमाल अंतरावरच करते, एक किलोमीटर आधी नाही. हे चालतं. न चालणारी गोष्ट म्हणजे मधलीच एखादी सर्व्हिस गायब असणं.

अपघाताच्या बाबतीत इन्शुरन्सच्या नोंदीवर विसंबू नका. हे नीट लक्षात घ्या, कारण रेंटल गाडीच्या बाबतीत ही सगळ्यात मोठी आंधळी जागा आहे. मोठ्या ताफ्याच्या कंपन्या बरंच नुकसान स्वतःच्या खिशातून भरून काढतात, क्लेम लावतच नाहीत. त्यामुळे इतिहासाचा रिपोर्ट कोरा येतो आणि दरवाजा मात्र दुसऱ्यांदा रंगवलेला असतो. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या दुरुस्त्यांची यादी मागा. देत नसतील तर त्याचा भाव किमतीत मागा, किंवा उठा.

चासी नंबर, म्हणजे व्हीआयएन, १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, शून्य-एकशी गल्लत होऊ नये म्हणून. काचेखालचा, दरवाजाच्या चौकटीतला आणि कागदावरचा नंबर अक्षर न्‌ अक्षर जुळला पाहिजे.

याच नंबरवरून रिकॉल, म्हणजे दोष सापडल्यामुळे बनवणाऱ्या कंपनीने गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावली आहे का, तेही बघता येतं. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगसाठी जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) परत बोलवावे लागले, म्हणजे रिकॉल ही कागदी औपचारिकता समजू नका. अमेरिकेत २०१६ पासून ३५ पेक्षा जास्त गाड्यांच्या रेंटल कंपनीला रिकॉलचं काम बाकी असलेली गाडी भाड्याने देता येत नाही. पण असा नियम सगळीकडे नाही आणि लहान कंपन्यांना तो लागूही पडत नाही. काम बाकी असेल तर विकणाऱ्याकडून करून घ्या. ते फुकट होतं.

आणखी एक: गाडीची नोंदणी व्यावसायिक असेल तर ती खासगी करून कोण देणार, त्याचा कर आणि खर्च कोणाचा, हे सौद्याआधी लेखी घ्या. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर कर्जफेडीचा दाखला. दोन्ही ठिकाणी "होऊन जाईल हो" हे उत्तर धरू नये.

प्रत्यक्ष गाडीपाशी

दिवसाउजेडी जा, कोरड्या हवेत. ओल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. आणि आधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर कोणीतरी थंड इंजिनचा आवाज लपवलाय.

पहिल्यांदा आत बसा, बाहेरून नको. रेंटल गाडीचा खरा इतिहास आत असतो. डिकीच्या उंबऱ्यावर ओरखडे किती? रोज नव्या माणसाची बॅग आपटलेली असते, त्यामुळे थोडे ओरखडे असणारच. ते नसतील आणि उंबऱ्यावर नवी पट्टी लावलेली असेल तर उलट विचारा का. ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई, गिअरची मूठ यांचा झिजण्याचा अंदाज किलोमीटरशी जुळतोय का? मीटर ३०,००० दाखवतोय आणि ब्रेकचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो. आजच्या गाड्यांत किलोमीटरचा आकडा फक्त मीटरमध्ये नसतो, इतर कंट्रोल युनिटमध्येही नोंदलेला असतो. गाडीतल्या या नोंदी वाचणारा स्कॅनर लावून मेकॅनिक ते ताडून बघू शकतो.

मग स्क्रीनवर ब्लूटूथची यादी उघडा. ही माझी लाडकी तपासणी आहे. आधीच्या गिऱ्हाइकांचे फोन तिथे साठलेले असतात, आणि कोणी पुसलेले नसतात. मी सोडलेल्या दुसऱ्या गाडीत, "फक्त एका कंपनीला लीजवर होती" असं ज्या गाडीबद्दल छातीठोकपणे सांगितलं होतं तिच्यात, यादी संपूर्ण भरली होती. वेगवेगळ्या नावांचे, वेगवेगळ्या बनावटीचे फोन. विकणारा म्हणाला, ऑफिसात माणसं बदलत असतात. बदलत असतीलही.

ट्रिप मीटरवर आयुष्यभराचा सरासरी वेग दिसत असेल आणि कोणी तो रीसेट केला नसेल, तर तेही बघा. सरासरी ताशी ५०-६० म्हणजे हायवेची गाडी. २० च्या आसपास म्हणजे तेवढेच किलोमीटर चालायला इंजिन जवळजवळ तिप्पट वेळ चालू राहिलं.

पाणी शिरलेलं नाही ना, हे बघायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ किंवा डाग असेल तर तिथेच थांबा. सीटच्या खालच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खोलग्यात चिखल, आणि एकदम जोराचा सुगंधी फवारा, ही तिन्ही एकत्र दिसली तर घरी जा.

आता बाहेर. वाकून गाडीच्या लांबीकडे तिरप्या नजरेने बघा, रंगात लाटा दिसतायत का. दरवाजे, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बॉनेटच्या बिजागरांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडले गेले आहेत. काचांच्या कोपऱ्यात बनावटीचं नाव आणि खुणा असतात. सहा काचा एका कंपनीच्या आणि सातवी दुसऱ्या, म्हणजे ती बदललीय. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्याच पत्र्यावर त्याच्या दुप्पट आकडा आला तर तो पत्रा पुन्हा रंगवलाय, आणि त्याहून बराच वर गेला तर खाली पुट्टी आहे.

एक गोष्ट मात्र मनावर घेऊ नका. बंपरच्या कोपऱ्यावरचे रंगकाम रेंटलमध्ये अगदी नेहमीचं आहे. पार्किंगमध्ये खांबाला लागलेलं ते. प्लास्टिकचा बंपर पुन्हा रंगवला म्हणून गाडी वाईट होत नाही. बघायचं आहे ते लोखंड: पुढचे दोन आडवे-उभे खांब, चाकांच्या वरचा भाग, फ्लोअर.

टायरकडे जरा जास्त वेळ द्या. टायरवर DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांनंतरच्या खुणांत शेवटचे चार अंक बघा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. चारही टायर एका बनावटीचे, एका वयाचे असावेत. पुढे दोन वेगळे, मागे दोन वेगळे दिसले तर ते जसजसे फुटले तसतसे बदलले आहेत. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर ही कायदेशीर किमान मर्यादा आहे. टायर एकाच बाजूने खाल्लेला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि त्याचं कारण एखाद्या फुटपाथच्या कडेला जोरात बसलेला धक्का असू शकतं. रिमच्या आतल्या बाजूवरून हात फिरवा. बाहेरचे ओरखडे दिसायला वाईट, पण आत आलेला बाक खरा त्रास देतो.

चालवून बघताना

किमान अर्धा तास मागा. विकणारा गल्लीत एक चक्कर म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा.

किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, आणि ते जळत राहणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट. थंड इंजिनची पहिली काही सेकंदं कान देऊन ऐका. टकटक होऊन थांबते का, धूर कुठल्या रंगाचा येतो.

गिअर मॅन्युअल असेल तर क्लच हा या गाडीचा सगळ्यात नाजूक अवयव धरा. अनेक अनोळखी पाय, त्यातले काही पहिल्यांदाच मॅन्युअल चालवणारे, हाफ क्लचवर चढावाला गाडी धरून ठेवणारे. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात वरच्या गिअरमध्ये जाऊन ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचे आरपीएम झटकन वर गेले आणि गाडी मात्र तशीच रेंगाळली, तर क्लच घसरतोय. म्हणूनच रेंटलमधून घ्यायची असेल तर माझं मत ऑटोमॅटिकच्या बाजूने आहे. ऑटोमॅटिकही लोक बिघडवतात, गाडी पुरती थांबायच्या आत रिव्हर्समधून डी मध्ये टाकून. गिअर पडताना धक्का किंवा उशीर जाणवतो का ते बघा. पण तिथे माणसाच्या चुकीला जागा कमी असते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा, दोन्ही बाजूंना. टक-टक-टक आवाज आला तर चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा गेलाय. वेगातून ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या. सरळ रस्त्यावर हात सैल सोडले की गाडी एका बाजूला जाऊ नये. आणि रेडिओ बंद ठेवा. विकणारा गप्पा मारत राहिला तर त्यालाही.

मेकॅनिक

इथे पैसे वाचवू नका. तुमचा मेकॅनिक, विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायची. ऑइल चेंबरवर ओरखडे, वाकलेला सायलेन्सर, शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचा ओलावा, फाटलेली रबरं. खालून सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तर खाली काय झाकलंय ते विचारायला लावा.

स्कॅनर लावायला सांगा. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडीचं, म्हणजे हा स्कॅनर जोडायचं, सॉकेट बंधनकारक आहे, त्यामुळे आता बहुतेक गाड्यांत ते असतंच. एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. कोड पुसता येतात. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या काही दिवस "अपूर्ण" दाखवतात, आणि हे मेकॅनिकला दिसतं. बऱ्याच तपासण्या अपूर्ण असतील तर कोणीतरी कालच कोड पुसलेत.

गाडी इलेक्ट्रिक असेल तर बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत मागा, ती दाखवणारा रिपोर्ट लेखी घ्या. बऱ्याच कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी देतात, आणि रेंटलच्या गाडीत किलोमीटरचा आकडाच आधी संपण्याची शक्यता जास्त.

सौदा

मेकॅनिकची यादी हातात घेऊनच बोला. "थोडं कमी करा" म्हणण्यापेक्षा "पुढचे दोन टायर आणि ब्रेक लागणार आहेत, तेवढे वजा करा" हे जास्त चालतं. काही रेंटल कंपन्या स्वतःच्या विक्री केंद्रावर भाव ठरवूनच ठेवतात आणि घासाघीस करत नाहीत. तिथे किमतीऐवजी दुसरी चावी, नवे टायर किंवा परत करायची मुदत मागा. काही ठिकाणी दोन-तीन दिवस गाडी भाड्याने नेऊन मग घ्यायची सोय असते. तशी सोय असेल तर मी दुसरा विचार करणार नाही. तीन दिवसांत गाडी जे सांगते ते अर्ध्या तासात कधीच कळत नाही.

तीन गोष्टींवर भाव करू नका, सरळ सोडा: पाणी शिरल्याची खूण, लोखंडी सांगाड्याची दुरुस्ती, आणि न जुळणारा चासी नंबर. बाकी सगळ्याला किंमत लावता येते.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, बिलात काही लिहिलेलं असो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. रेंटलने ते केल्याची नोंद क्वचितच सापडते. केबिन फिल्टर काढून बघा. माझ्या गाडीच्या फिल्टरमधून जवळजवळ एक छोटी बाग निघाली.

डॅशबोर्डखाली जोडलेल्या जास्तीच्या वायरी शोधा. ताफ्याच्या गाडीत ट्रॅकर असतो आणि तो कधीकधी तसाच राहतो, किंवा काढताना वायरी अर्धवट लोंबत ठेवतात. त्या बॅटरीही खातात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीत नोंदलेल्या चाव्या किती हे विचारा आणि तुमच्या हातात नसलेल्या पुसून टाका. मोबाइल ॲपवर गाडी जोडलेली असेल तर जुन्या खात्यातून ती सोडवून घ्या. नाहीतर दुसरा कोणीतरी घरी बसून तुमच्या गाडीचे दरवाजे उघडू शकतो.

आणि स्क्रीन फॅक्टरी रीसेट करा. मी करायच्या आधी एकदा यादी वाचली, सोळा फोन होते. साठवलेल्या पत्त्यांत तीन हॉटेलं, एक लग्नाचं कार्यालय आणि "घर" अशा नावाने सात वेगवेगळी घरं. मग बटण दाबलं.